कंपन्या देतील की पैसे?

'औषधात दम असेल तर कंपनीच चाचणीचा खर्च करेल, करदात्यांचा पैसा कशाला' हे म्हणणं मेंदूच्या दुखापतीला तरी लागू पडत नाही. ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध जुनं, स्वस्त, पेटंट नसलेलं. त्यावर कुठली कंपनी कोटी ओतणार? डोक्याच्या दुखापतीत ते तपासणारी क्रॅश-३ चाचणी (२९ देश, १२ हजारांवर रुग्ण, निष्कर्ष २०१९ मध्ये) मुख्यतः ब्रिटनच्या सार्वजनिक आणि धर्मादाय निधीवर झाली. आधीच्या क्रॅश चाचणीने तर २००४ मध्ये दाखवलं, की डोक्याच्या दुखापतीत वर्षानुवर्षं दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइड्सनी मृत्यू वाढतात. हे सांगायला कोण विक्रेता आला असता?

पण क्रॅश-३ चा मुख्य निकष २८ दिवसांतले मृत्यू हा होता. घोडबंदर रोडला बाइकवरून पडलेला माझा मेव्हणा महिन्याभरात ठणठणीत दिसत होता. चिडचिड, झोप उडणं, बोलणं टाकणं हे सगळं नंतर. डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख, मनाबद्दल अक्षर नाही. (घरच्यांनीही 'स्वभावच तसा' म्हणून सोडून दिलं.) असा उशिरा दिसणारा त्रास मोजायचा तर रुग्णाला वर्ष-दोन वर्षं परत बोलवावं लागतं. शहापूरहून ठाण्याला येणाऱ्याचा बुडालेला रोज, सोबतच्याचं भाडं, पाठपुरावा करणाऱ्याचा पगार हे अनुदानात धरलं नसेल, तर सर्वात जास्त त्रासातले रुग्णच आधी गळतात.