ओरडले त्याबद्दल माफी, पण कारण ऐका

सोसायटी ग्रुप, फोंडा. बुधवार, १२ ऑक्टोबर २०२२, रात्री

ए-१०१ (सेक्रेटरी), ९.२४
बी विंगमध्ये आत्ता कोण ओरडलं? सगळं ठीक आहे ना? मी जिन्यापर्यंत आलोय.

ए-२०४, ९.२५
आम्हालाही ऐकू आलं. कुणी पडलं की काय वाटलं. आमच्याकडे सहामाही चालू आहे हो, उद्या गणिताचा पेपर.

बी-४०२, ९.२५
कुणी पडलं नाही. गोंय जिखलें! फुटबॉलमध्ये आपलं एफसी गोवा जिंकलं, २-१!

बी-३०२ (बाई), ९.२९
सेक्रेटरीभाऊ, वर येऊ नका, गुडघे सांभाळा. पहिला आवाज ४०२चा, दुसरा माझा. दुसरा मोठा होता, मान्य आहे. ए-२०४, तुझ्या मुलीची मनापासून माफी मागते. तीस वर्षं शाळेत शिकवलं, परीक्षेच्या आदल्या रात्री घरात शांतता हवी हे मला कळायला हवं होतं.

पण कारण ऐका. टीव्हीवर सासूबाईंची मालिका चालू होती, म्हणून मी मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ओट्यापाशी उभी राहून मॅच बघत होते. ९० मिनिटं संपलेली, १-१. भरपाई वेळेतलं चौथं मिनिट. आपल्याला फ्री-किक, बॉलमागे एदू बेदिया. आणि तेवढ्यात वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मागोमाग ४०२चा ओरडा. त्यांच्या डिशवर आधी दिसतं, माझ्या मोबाइलवर मागून येतं. म्हणजे काहीतरी होऊन गेलंय हे मला कळलं, काय ते कळेना. गोल झाला की हुकला? ओरडा आनंदाचा की हळहळीचा? माझ्याकडे एदू अजून तसाच उभा. ते सात-आठ सेकंद मी श्वास घेतला नाही. मग त्याने मारली आणि बॉल थेट जाळ्यात. हातातला डाव खाली पडला, सासूबाई मालिका सोडून आत आल्या.

ए-१०१ (सेक्रेटरी), ९.३१
बरं बरं. मला वाटलं गॅसबिस. जिंकलो ते उत्तम झालं. कुणाशी होती?

बी-४०२, ९.३१
ईस्ट बंगाल. कोलकात्यात, त्यांच्या घरी. यंदाच्या आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, आपली पहिलीच मॅच.

बी-१०३, ९.३४
बाई, अभिनंदन. पण खरं बोलू? सातव्या मिनिटाला ब्रँडनने गोल केला आणि त्यानंतर आपण बसलो. दुसऱ्या हाफमध्ये ते वरचढ होते. पेनल्टी दिली, क्लेटन सिल्वाने ६४व्या मिनिटाला बरोबरी केली. ह्याच ईस्ट बंगालला गेल्या शुक्रवारी केरळाने कोचीत ३-१ हरवलंय. त्यांच्याशी शेवटच्या क्षणी एका फ्री-किकवर जिंकणं हे नशीब आहे. एवढं नाचण्यासारखं काही नाही.

बी-३०२ (बाई), ९.४१
दुसऱ्या हाफचं तुझं बरोबर आहे. सातव्या मिनिटाला पुढे गेल्यावर दुसरा गोल शोधायला हवा होता. आपण बॉल जवळ ठेवला, पण पुढे नेला नाही. अल्वारो वाझकेझ, नोआ, इकेर, पुढची मंडळी सगळी यंदा नवीन आली आहे. कोण कधी धावणार हे एकमेकांना अजून ठाऊक नाही. ते दिसत होतं. आपला कोच पेन्या, त्यालाही दिसलं असणार, तो काही बाहेरचा माणूस नाही. २०१९चा सुपर कप आणि २०२०ची लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिलं आल्याची) आपण जिंकली तेव्हा हाच बचावात खेळत होता. त्याला वेळ द्यायला मी तयार आहे.

नशीब म्हणालास ते मात्र मी ऐकून घेणार नाही. मागच्या वर्षी ३ ऑक्टोबरला ड्युरँड कपची फायनल आठव. समोर मोहम्मेडन स्पोर्टिंग, मैदान हेच, सॉल्ट लेक. ०-० राहिली, जादा वेळ सुरू झाला, १०५वं मिनिट. फ्री-किक. कोणी मारली? एदूने. १-० आणि कप आपला. वर्षभरात त्याच मैदानावर, त्याच माणसाने, तशाच वेळी पाय थरथरू न देता बॉल आत घातला. सगळ्यांचे पाय जड झालेले असतात तेव्हा एवढ्या लांबून असा बॉल मारायला सकाळ-संध्याकाळ शेकडो वेळा मारलेला असावा लागतो.

आणि मागच्या सीझनची सुरुवात विसरलास? मुंबईने ३-० धुतलं. पहिले तिन्ही सामने हरलो, तिसरा नॉर्थईस्टशी, तोही भरपाई वेळेत. शेवटी नववे आलो. यंदापासून पहिले सहा संघ प्लेऑफला, म्हणजे बादफेरीला जाणार आहेत. वीस सामन्यांची लीग. आज बरोबरी झाली असती तर दोन गुण कोलकात्यात सोडून आलो असतो आणि फेब्रुवारीत तेच दोन गुण शोधत बसलो असतो.

बी-१०३, ९.४३
ड्युरँडचं लक्षात नव्हतं. मान्य.

ए-३०३, ९.४४
रविवारपासून टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. २३ला पाकिस्तान. आता फुटबॉल कोण बघतंय?

बी-४०२, ९.४४
आम्ही.

सी-१०२, ९.४५
२३च्या रात्री दिवाळीचा नरकासुराचा पुतळा आहे. ज्यांची वर्गणी राहिली त्यांनी द्या. कागद आणि गवत आणायचंय, मुलं पार्किंगमध्ये सांगाडा बांधून बसलीत.

बी-३०२ (बाई), ९.५६
वर्गणी उद्या सकाळी देते. ३०३, क्रिकेटही बघू, दुपारी आहे ते.

शेवटच्या मिनिटाच्या गोलाला मी एवढी का ओरडते, ते एकदा लिहूनच टाकते.

२० डिसेंबर २०१५. मडगावचं फातोर्डा स्टेडियम. आयएसएलची फायनल आपल्याच मैदानावर, समोर चेन्नईयिन. मी, आमचे हे आणि मुलगा, तिघे स्टँडमध्ये. १-१ चालू होतं आणि ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल मारला. २-१. मागच्या रांगेतल्या माणसाने माझ्या मुलाला उचलून खांद्यावर घेतलं. त्याचं नाव मला माहीत नाही, आम्ही त्याला आयुष्यात परत पाहिलं नाही. माझा मुलगा त्या उंचीवरून हात हलवत होता आणि माझ्या मनात आलं, आता ह्याला आयुष्यभर पुरेल एवढं मिळालं. तीनच मिनिटं उरली होती. तेवढ्यात २-२ झालं आणि भरपाई वेळेत मेंडोझाने ३-२ केलं. त्या माणसाने मुलाला खाली उतरवलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता पायऱ्या उतरून गेला. परत येताना बोरी पुलापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. पुलावर मुलाने विचारलं, आई, वेळ संपली नव्हती का?

पुढे १७ मार्च २०१९, मुंबईत फायनल, बंगळुरू. ०-० होती. ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेचं हेडर. आम्ही घरीच बघत होतो. मुलगा तेव्हा बारावीत. तो उठून गच्चीत गेला, मी मागे गेले नाही.

मिनिटं संपत आली की माझ्या पोटात गोळा येतो तो ह्यामुळे. आज १-१ झाल्यावर मी गृहीत धरलं होतं की आता तेच होणार, कुणीतरी ९४व्या मिनिटाला येऊन घेऊन जाणार. आणि घेऊन गेलो आपण. मुलगा आता पुण्यात असतो. ९.२३ला त्याचा फोन आला. दोघंही काही बोललो नाही, नुसते हसत होतो.

ए-२०४, ९.५८
बाई, मुलगी जागीच आहे. ती म्हणते तिने पण ऐकलं आणि तिला वाटलंच होतं गोल झाला म्हणून. पेपरचं टेन्शन जरा उतरलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

सी-२०१, १०.०२
बाईंचं वाचून एक आठवलं. मी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) रात्रपाळीला असायचे, २०२० आणि २१चा हिवाळा. सगळी आयएसएल दोन वर्षं आपल्या गोव्यात, फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान आणि आमच्या शेजारचं बांबोळीचं स्टेडियम. पण आत कुणाला प्रवेश नाही. ड्युटीवर जाताना दिवे दिसायचे, पांढरेशुभ्र. गेटजवळ क्षणभर थांबलं की रेफरीची शिट्टी ऐकू यायची, खेळाडू एकमेकांना हाका मारायचे त्यासुद्धा. लोकांचा आवाज मात्र नाही. वॉर्डात तेव्हा काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आज टीव्हीवर कोलकात्याच्या लोकांचा गलका ऐकला, ते आपल्या विरुद्ध ओरडत होते तरी मला बरं वाटलं.

बी-३०२ (बाई), १०.०५
बाय, तुझ्या त्या रात्रपाळ्यांना ह्या ग्रुपवर पुरेसं कधी कुणी धन्यवाद म्हटलं नाही. देव बरें करूं. तुला फातोर्ड्याला घेऊन जाणार आहे मी. पहिली घरची मॅच ३ नोव्हेंबरला, गुरुवारी, जमशेदपूरशी. त्याआधी २१ला चेन्नई आणि मग हैदराबाद, दोन्ही बाहेर.

ए-१०१ (सेक्रेटरी), १०.०८
घरची मॅच एवढी उशिरा का?

बी-४०२, १०.०९
मैदान मुलींच्या वर्ल्ड कपला दिलंय. १७ वर्षांखालील. कालपासून सुरू झाला, फातोर्ड्यावर सामने आहेत. २६ला उपांत्य सामने दोन्ही तिथेच.

ए-२०४, १०.१०
मुलींचा वर्ल्ड कप मडगावात? आणि आम्हाला पत्ताच नाही!

बी-३०२ (बाई), १०.१९
अगं, काल भारताच्या मुली भुवनेश्वरला अमेरिकेशी ०-८ हरल्या, मला रात्री झोप लागली नाही. त्या मुलींना कोण बघायला जातं आपल्याकडे? २६ला नरकासुर उरकलेला असेल, तुझी परीक्षाही संपलेली असेल. तुझ्या मुलीला माझ्याबरोबर पाठव.

मला बाबांनी असंच नेलं होतं. ते साळगावकर क्लबचे चाहते. फातोर्ड्याचं हेच नेहरू स्टेडियम नवीन झालं, १९८९. मी कॉलेजात. घरात काका म्हणाले, मुलीला कशाला तिथे, सगळे पुरुष असतात. बाबांनी उत्तर दिलं नाही, मला म्हणाले चप्पल घाल. गोलात ब्रह्मानंद शंखवाळकर. बाबा म्हणायचे, सगळे बॉलकडे बघतात, तू गोलकीपरच्या पायांकडे बघ, बॉल कुठे येणार ते त्याला तुझ्याआधी कळतं. अजून पेनल्टी असली की मी पायांकडेच बघते. आजसुद्धा आपल्या गोलकीपरच्या, धीरजच्या पायांकडे बघत होते. बॉल आत गेल्याचं कळलं ते कोलकात्याच्या आवाजावरून.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. एफसी गोवा त्यांनी पाहिलं नाही. ब्रँडनचा आजचा गोल त्यांना आवडला असता. आपल्या मातीतला मुलगा, सीझनच्या पहिल्या मॅचचा पहिला गोल त्याचा.

बी-१०३, १०.२२
बाई, ३ तारखेला मीपण येतो. गाडी मी काढतो, पण पाचच जण मावतील.

सी-२०१, १०.२३
माझी त्या दिवशी दुपारची पाळी आहे. बदलून घेते.

ए-३०३, १०.२४
मी क्रिकेटवाला आहे, पण जागा असेल तर बघा.

बी-४०२, १०.२५
मिनी बस करूया. मॅच संपेपर्यंत शेवटची कदंबा बस निघून जाते, दरवेळी तेच होतं.

ए-१०१ (सेक्रेटरी), १०.२७
बसवाल्याशी मी बोलतो. गेटवरून साडेपाचला निघायचं, बोरी पुलावर संध्याकाळी गर्दी असते. ज्यांना यायचंय त्यांनी खाली नाव आणि फ्लॅट नंबर टाका. आणि आता अकरा वाजत आलेत, आवाज नको.

बी-३०२ (बाई), १०.२८
बी-३०२, दोन. मी आणि आमचे हे. सासूबाई विचारतायत मॅच किती वाजता संपते. तीन धरा.

ए-२०४, १०.३१
ए-२०४, दोन. मुलगी विचारते, नारिंगी टी-शर्ट फोंड्यात कुठे मिळतो?

बी-३०२ (बाई), १०.३२
मुलाचा जुना आहे, २०१५चा. उद्या पेपर झाला की तिला वर पाठव, अंगाला बसतो का बघू.