कॅलिपर किट घरी बदललं, एअर काढली, तरी पेडलवर पाय ठेवला की हळूहळू खाली बसतंय (झेन, १९९९)

झेन_कराड

नमस्कार मंडळी. गाडी मारुती झेन, १९९९ ची, पेट्रोल. पुढचं डावं चाक धरत होतं. थोडं चालवलं की रिमला हात लावता येईना. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उघडला तर पिस्टनचा बाहेरचा रबरी बूट फाटलेला, आत पाणी शिरून पिस्टनला गंजाचे खड्डे. दोन्ही बाजूंची किटं आणली, डाव्याला पिस्टनही नवा घातला.

काम घाईत केलेलं नाही. आतल्या रबराची खाच लाकडी काडीने साफ केली, धुवायला पेट्रोल-रॉकेल वापरलं नाही, नव्या रबराला ताजं ब्रेक ऑइल लावलं, पिस्टन अंगठ्यांच्या जोरावर आत गेला. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे. सरकत्या पिना मोकळ्या आहेत. आणि पहिला प्रश्न हाच येणार म्हणून सांगून टाकतो: डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालेला नाही, ब्लीडर निप्पल (एअर काढायची तोटी) वरच्या अंगालाच आहे.

ब्रेक ऑइलमधली एअर काढताना धाकटा भाऊ पेडलवर होता, पार फ्लोअरपर्यंत दाबायचा. नळीतून बुडबुडे यायचे बंद झाले. आता अवस्था अशी: इंजिन बंद असताना पेडल टणक. इंजिन सुरू केलं की बोटभर खाली येतं, ते बूस्टरमुळे (पायाच्या जोराला मदत करणारा डबा), एवढं कळतं. पण सिग्नलला हलका पाय ठेवून उभं राहिलो की पेडल सावकाश खाली, खाली, फ्लोअरपर्यंत. सोडून पुन्हा मारलं की वर. गंमत म्हणजे जोरात दाबलं तर टिकतं! बाटलीतली ऑइलची पातळी हलत नाही, कुठे ओल नाही.

जो तो म्हणतोय एअर राहिलीय, पुन्हा काढ. किती ऑइल ओतू? रविवारी कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचंय.

घाटातला_राजा

एअरच आहे रे. रात्री पेडल दाबून सीटच्या मध्ये लाकूड अडकवून ठेव, सकाळपर्यंत हवा आपोआप वर चढते. मी कायम असंच करतो. आणि पिस्टनला ग्रीस लावलं होतंस का? नसेल तर चेसिसचं लाव थोडं, सुळसुळीत होईल.

डेपोवाला

राजाभाऊ, ग्रीसचं आधी. चेसिसचं ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यातलं काहीही ब्रेकच्या रबराला लागू द्यायचं नाही. ते रबर फुगतं, पिस्टन आवळून धरतं, आणि मग कॅलिपर, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो), मागचे व्हील सिलिंडर, सगळ्यांची किटं टाकावी लागतात. ब्रेकचं वेगळं ग्रीस मिळतं. नाहीतर ब्रेक ऑइलच पुरे.

लाकूड जरूर लावा. सकाळी ते खाली पडलेलं सापडेल, कारण पेडलच तिथून निघून गेलेलं असेल. रोगाची खूण तीच आहे.

कराडवाले साहेब, मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली. तिथं ब्रेक हवेवर चालायचे. तिथं हवा नसली की गाडी हलत नाही, इथं हवा असली की थांबत नाही. पण घरी आजूबाजूच्या लोकांच्या मारुत्या करत आलोय, म्हणून सांगतो: तुमचा कॅलिपर ठीक आहे. त्याच्यामागे लागू नका.

हवा असेल तर पेडल मऊ लागतं, दोन-तीनदा पंप केलं की वर येऊन टणक होतं, आणि मग तिथंच राहतं. हवा दाबली जाते, पळून जात नाही. तुमचं पेडल टणक लागतंय आणि मग बसतंय. म्हणजे ऑइल कुठेतरी चाललंय. बाहेर थेंब नाही, बाटली कमी होत नाही, मग ते मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत, रबरी वॉशरच्या कडेने मागे जाऊन परत बाटलीत येतंय. जोरात दाबल्यावर टिकतं तेही यामुळेच. जोराचा दाब आला की झिजलेल्या रबराची कड फाकून भिंतीला चिकटते. हलक्या दाबाला ती फाकत नाही, बाजूने वाट देते. म्हणून सिग्नलवर बसतं, अर्जंट ब्रेकला नाही.

आता मास्टर नेमका याच वेळी कसा गेला? रोजच्या चालवण्यात मास्टरचा पिस्टन अर्धाही पुढे जात नाही. त्यापुढची भिंत वर्षानुवर्षं वापराविना पडून असते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्याने तिथं गंजाचा खरखरीत पट्टा धरतो. एअर काढताना पेडल फ्लोअरपर्यंत दाबलं की रबराची कड त्या पट्ट्यावरून घासत जाते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवूनच एअर काढावी. हे किटच्या पुडक्यावर कुणी लिहीत नाही.

आणि या पेडलवर कुंभार्ली उतरायचं नाही.

चाकण_शिफ्ट

काकांशी सहमत. पण नवा मास्टर आणण्याआधी खात्री करून घ्या. मास्टरमधून निघणारे पाइप सोडवा, त्या भोकांत त्याच चुडीचे बंद बोल्ट घट्ट बसवा आणि पेडलवर हलका पाय ठेवा. आता ऑइल जायला बाहेर वाटच नाही. तरी बसलं तर मास्टर. दगडासारखं राहिलं तर मास्टर निर्दोष, मग एकेक पाइप जोडत पुढे शोधायचं. काही जण रबरी होज पकडीने आवळून हीच परीक्षा करतात, तेही चालतं.

डेपोवाला

बंद बोल्टची परीक्षा उत्तम. होज मात्र पकडीने आवळू नका. एवढ्या जुन्या होजला आतून चीर जाते, बाहेरून दिसत नाही, आणि मग आत सुटलेला पापुद्रा झडपेचं काम करतो. दाब जातो, परत येत नाही, चाक धरून बसतं. एक दुखणं शोधायला जाऊन दुसरं विकत घ्याल.

झेन_कराड

बंद बोल्ट लावून पाहिलं. तरीही बसलं. मास्टर उतरवला, आत बॅटरी मारली तर काकांनी सांगितलेला तपकिरी पट्टा तिथेच. त्यावर नवं किट घालण्यात अर्थ दिसला नाही, नवा मास्टर आणला. व्हाइसमध्ये धरून आधी टेबलावरच त्याची एअर काढली, मग गाडीला चढवला. पेडल झकास. हलका पाय ठेवून उभा राहिलो, जागचं हललं नाही. चिपळूणला एसटीने गेलो, काकांनी नोंद घ्यावी.

पण नवीन भानगड. आज मलकापूरच्या बाजूला फेरी मारली. सुरुवातीला गाडी मोकळी, मग हळूहळू जड व्हायला लागली. पेडल दर वेळी थोडं वर, थोडं टणक. शेवटी तिसऱ्या गिअरमध्येही ओढेना. पुढची दोन्ही चाकं तापलेली, मागचीही धरलेली. तासभर उभी केली, आपोआप सुटली. आता तरी कॅलिपर का?

घाटातला_राजा

बघ, ग्रीस लावलं असतंस तर…

डेपोवाला

कॅलिपर धरला तर एक चाक धरेल. चारी एकदम धरतात तेव्हा सगळ्यांच्या मुळाशी बघायचं, म्हणजे मास्टर आणि बूस्टर यांच्या मध्ये.

पाय काढल्यावर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे आला पाहिजे. तो मागे आला की पाइपातल्या ऑइलला बाटलीकडे जायला बारीक भोक उघडं होतं. ब्रेक तापले की ऑइल फुगतं, त्या भोकातून जास्तीचं वर निघून जातं. बूस्टरचा दांडा केसभरही लांब पडला तर पिस्टन पुढेच राहतो, भोक झाकलेलं राहतं. मग फुगलेलं ऑइल जाणार कुठे? पॅड आवळतं. आवळलं की आणखी तापतं, तापलं की आणखी आवळतं. थंड झालं की सुटतं. तुमचं वर्णन तंतोतंत हेच आहे. बाजारातल्या नव्या मास्टरच्या पिस्टनची मागची खळगी जुन्यापेक्षा जराशी उथळ निघते कधी कधी, दांडा तोच राहतो.

परीक्षा सोपी. सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना दगड लावून करा. गाडी धरली की मास्टरचे बूस्टरवरचे दोन नट थोडे ढिले करून मास्टर किंचित पुढे ओढा. चाकं तिथल्या तिथं सुटली तर दांडा लांब. नाही सुटली तर कॅलिपरचं निप्पल उघडा: त्याने सुटलं तर दोष होजमध्ये, आणि त्यानेही नाही सुटलं तर पिस्टन किंवा पिना अडकल्यात.

फट मोजायला कणकेची बारीक गोळी दांड्याच्या टोकाला चिकटवायची, मास्टर लावून घट्ट करायचा, परत काढायचा. गोळीत पापडाएवढी जाडी उरली तर फट आहे. टोक आरपार घुसलं असेल तर दांड्याचा नट फिरवून तो आत घ्या. फार आत घेऊ नका, नाहीतर पेडल उगाच खोल जाईल. कणीक नीट पुसून काढा. नट ढिले ठेवून गाडी चालवायची नाही, हे सांगायला नको.

झेन_कराड

नट ढिले केल्याबरोबर चाकं सुटली! गोळी आरपार होती. दांडा आत घेतला, पुन्हा गोळी लावून बघितली. काल साताऱ्याला जाऊन आलो, रिम नुसते कोमट, दोन्ही बाजू सारख्या. काका, कराडला आलात की मिसळ माझ्याकडून.

एकच शंका. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या बाटलीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय, दुकानदार डॉट ४ देतो. मिसळलं तर चालेल?

चाकण_शिफ्ट

चालतं, दोन्ही एकाच जातीची. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. पाणी धरल्यावर तेच १४० आणि १५५ वर येतात, म्हणून घाटात जाणाऱ्याने दोन वर्षांनी ऑइल बदलावं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात घालायचं नाही. डॉट ५.१ चालतं. आकडा जवळचा असला तरी ते वेगळं आहे.

डेपोवाला

आणि बाटली आधी उघडलेली नको, सीलबंद घ्या. उरलेलं वर्षभर माळ्यावर ठेवून वापरू नका. मिसळ तिखट चालेल.