सॉफ्टनरचं पाणी आणि कुंड्या

ए-३०२: सेक्रेटरी साहेब, पुन्हा लिहितेय. कठीण पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसल्यापासून जास्वंद, मोगरा दोन्ही पिवळे. कोवळं पानच फिकट येतं, शिरा तेवढ्या हिरव्या.

बी-१०४: मीटर लावून बघितलं. टीडीएस १५०. पाणी उत्तम आहे 🙏

सेक्रेटरी: काकू, ठराव सगळ्यांच्या संमतीने झालाय. नळांवरचे पांढरे थर गेले, त्याबद्दल कोणी चार शब्द लिहीत नाही.

सी-५०१: थर गेले, खरंच. पण काकूंच्या झाडांना लोह मिळत नाहीये. मातीत ते असतं, पण पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ७ च्या वर गेला की मुळांना घेता येत नाही. नायट्रोजन कमी असता तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडली असती.

बी-१०४: पण टीडीएस १५० आहे.

सी-५०१: काका, टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार. कोणते, ते मीटर सांगत नाही, पीएचही नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम सोडतो. बायकार्बोनेट तसंच राहतं आणि मातीचा पीएच तेच हळूहळू चढवतं. झाडाच्या कामाचं गेलं, नको ते आलं.

बी-२०३: मी तर आरओचं वाया जाणारं पाणी घालते.

ए-३०२: अगं, त्यात क्षार आणखी जास्त! फरशीला वापर ते.

बी-२०३: फरशीवरून आठवलं. जिन्यात कुंड्यांचं पाणी कोण सांडतं?

ए-३०२: माझ्या कुंड्यांखाली ताटल्या आहेत. बघून मग बोलावं.

ए-४०१: जिन्यातल्या शेवाळाला मात्र पाणी मानवलंय 😄

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला.

ए-४०१: पाणी रात्रभर बादलीत ठेवलं तर?

सी-५०१: क्लोरीन उडेल, सोडियम कुठे जाणार? सॉफ्टनरच्या आधीच्या लाईनला बागेपुरता एक नळ काढा. कठीण पाणी बहुतेक झाडांना चालतं. पीएच जास्त असेल तर बादलीत चिमूट-चिमूट सायट्रिक ॲसिड, पीएचच्या पट्टीवर ६ ते ६.५ येईपर्यंत. पावसाचं पाणी मिळालं तर सर्वात चांगलं.

बी-१०४: टीडीएस १५० असताना वेगळा नळ कशाला? खर्च कोण करणार?

सेक्रेटरी: प्लंबरला विचारतो. पण मेंटेनन्समधून होणार नाही.

ए-३०२: नळाचे पैसे मी देते. परवानगी तेवढी लेखी द्या.