प्रतिसाद: नोट्स आणि पीडीएफसाठी टू-इन-वन

नोट्स लिहायला आणि पीडीएफ वाचायला टू-इन-वन (टॅबलेटसारखाही वापरता येणारा लॅपटॉप) कोणता घ्यावा असं विचारताय, तर प्रोसेसरआधी वजन बघा. ३६० अंशांत वळणारे १४ इंची लॅपटॉप साधारण दीड किलोचे असतात. टॅबलेट म्हणून ते एका हातात धरणं विसरा. टेबलावर किंवा मांडीवर ठेवूनच लिहायचं. कीबोर्ड सुटा होणारा मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो ९०० ग्रॅमच्या आसपास, पण मांडीवर टाइप करताना त्याचा मागचा स्टँड डगमगतो आणि कीबोर्डचे पैसे बहुधा वेगळे.

खरी गोची पेनात आहे. मायक्रोसॉफ्टचं एमपीपी, वेकॉम कंपनीचं एईएस आणि क्रोमबुकवरचं (गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपवरचं) यूएसआय ही पेन आणि स्क्रीन जुळवायची वेगवेगळी तंत्रं. एकाचं पेन दुसऱ्यावर सहसा चालत नाही (एमपीपी आणि एईएस दोन्हींवर चालणारी काही आहेत), म्हणून स्वस्तातलं पेन मागवण्याआधी मॉडेलचं तंत्र तपासा. दुकानात पट्टी लावून तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. ती नागमोडी आली तर बारीक अक्षरही तसंच येणार. तळहात टेकवूनही लिहून बघा, हाताच्या रेघा उमटायला नकोत.

स्क्रीन १६:१० किंवा ३:२ (लांबी:रुंदी) प्रमाणाची घ्या, १६:९ उभी धरली की फारच लांबुडकी होते. रॅम बहुतेकांत बोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, तेव्हा १६ जीबी आत्ताच घ्या.