टेरेसवरच्या तीन बादल्या

*ऑक्टोबर, रविवार*

सेक्रेटरी: सर्व सभासदांना कळविण्यात येते की बी विंगच्या टेरेसवर तीन बादल्या आढळल्या आहेत. वर काचा ठेवलेल्या, आत पांढरं काहीतरी भिजत घातलेलं. ज्यांचा साबुदाणा असेल त्यांनी त्वरित न्यावा.

बी-२०३ वहिनी: आमचा नाही. एकादशी गेली कधीच.

सी-१०१ काका: मी वाकून पाहिलं. औषधाचा वास येतोय. हात लावला नाही.

टीचर (ए-३०४): माझ्या आहेत. सॉरी, आधी सांगायला हवं होतं. आत हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, कृपया कोणी हात घालू नका. लेगोच्या जुन्या विटा पांढऱ्या करतेय.

सेक्रेटरी: विटा?

टीचर: खेळण्यातल्या. भावाच्या लहानपणीच्या. पांढरं प्लास्टिक वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की पिवळं पडतं. पेरॉक्साइडमध्ये बुडवून पुन्हा उन्हात ठेवलं की पिवळेपणा जातो.

सी-१०१ काका: म्हणजे उन्हानेच बिघडलं आणि उन्हानेच सुधारायचं?

टीचर: हो काका. विचित्र आहे, पण होतं.

सेक्रेटरी: टेरेस सामायिक आहे. मुलं वर खेळतात. आज संध्याकाळपर्यंत हलवावे.

टीचर: चार वाजता काढते. काचा त्यासाठीच ठेवल्यात, वर आणखी दगडही ठेवलेत.

बी-२०३ वहिनी: टीचर, या वयात लेगो? 😄

टीचर: वहिनी, १९३२ साली डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात एका सुताराने कारखाना काढला. तोही लहान नव्हता. 😄

बाबू (बी-२०३): मम्मी, टीचर मंगेशीचा दीपस्तंभ बनवतायत. मी रोज संध्याकाळी जातो ना, ते यासाठीच.

बी-२०३ वहिनी: तू तर गणिताच्या ट्यूशनला जातोस!!

बाबू: गणितच आहे.

टीचर: वहिनी, खरंच गणितच आहे. रागावू नका, सांगते. डिसेंबरात पुण्याला लेगोवाल्यांचं प्रदर्शन आहे, दोन दिवसांचं. मला एक टेबल मिळालंय. मंगेशीचं देऊळ, तळी, नगारखाना आणि सात मजली दीपस्तंभ असं करतेय. पायाला ४८ बटणांच्या १२ चौरस पाट्या, चार बाय तीन. म्हणजे साधारण १५४ सेंटीमीटर बाय ११५.

सी-१०१ काका: मी बांधकाम खात्यात ३४ वर्षं काढली. एक शंका. दीपस्तंभ अष्टकोनी. तुमच्या विटा चौकोनी. ४५ अंश कुठून आणलात?

टीचर: काका, या प्रश्नाची मी तीन महिने वाट बघतेय. घरात कोणी विचारतच नाही.

टीचर: विटेवर जे गोल उंचवटे असतात, त्यांना आम्ही बटणं म्हणतो. दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर, कायम. त्यामुळे सरळ रेषेत सगळं बसतं, तिरकं बसत नाही. तिरकी भिंत वेगळी बांधून बिजागरीच्या तुकड्यांवर फिरवायची आणि तिची दोन्ही टोकं बटणांवर अचूक पडतील अशी लांबी शोधायची. १२ चा वर्ग दुप्पट केला तर २८८. १७ चा वर्ग २८९.

बाबू: म्हणजे १२ उजवीकडे, १२ वर, तर तिरकी बाजू जवळजवळ १७. फक्त पाव मिलिमीटरचा फरक. 🔥

टीचर: आणि सरळ बाजूही १७ च घेतली की अष्टकोन नियमित होतो. १२ + १७ + १२ = ४१ बटणं, पावणेतेहतीस सेंटीमीटर. ४८ च्या पाटीवर बसतो.

सी-१०१ काका: वा. आम्ही पुलाच्या खांबात याहून जास्त सूट दिलेली आहे. कुठल्या पुलाच्या ते सांगत नाही.

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

सी-१०१ काका: वर निमुळता होतो तिथे?

टीचर: कळसाजवळ ५-५-७ वापरलंय. तिथे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त तफावत येते. तुकड्यांच्या ढिलेपणात खपते, पण भिंत दाबून बसवताना किंचित करकर आवाज येतो. मला तो आवाज आवडत नाही.

बी-२०३ वहिनी: बाबूने काल भाजी चिरताना मला विचारलं, हा तुकडा किती बटणांचा. तेव्हाच संशय यायला हवा होता.

ए-१०२ (दुबई): टीचर, माझ्याकडे मुलांच्या पांढऱ्या विटा पडून आहेत. आता मुलं हात लावत नाहीत. हव्यात का?

टीचर: देव बरें करूं! किती?

ए-१०२ (दुबई): डबाभर. तिकडे सुट्या मिळत नाहीत का?

टीचर: ब्रिकलिंकवर जगभरातले लोक सुटे तुकडे विकतात, पण मागवायचे तर कस्टम. खेळण्यांवरची ड्युटी २०२० साली २० ची ६० टक्के झाली, २०२३ पासून ७०. वर कुरिअर. मी आधी संगणकावर पूर्ण मॉडेल करते, एकेक तुकडा मोजते, मगच मागवते. मंगेशाच्या देवळाला लागणारे कमानीचे तुकडे तेवढेच विकत घेतले. बाकी भिंती सगळ्या जुन्या विटांच्या. म्हणून त्या बादल्या.

सेक्रेटरी: बादल्या चार वाजता.

टीचर: हो भाई.

*सोमवार*

आजी (सी-२०१): 🎤 व्हॉइस मेसेज ४:०७

सी-२०१ सून: ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी आईंचं थोडक्यात सांगते. एक, खेळण्यात देव बसवायचा नाही. दोन, आज सोमवार, पालखीचा दिवस, आज पेरॉक्साइडबिक्साइड नको. तीन, तळीत मासे घातलेत का? बाकी साडेतीन मिनिटं कुलदैवताच्या गोष्टी आहेत, ऐका, छान आहेत.

टीचर: आजी, गाभाऱ्याचं दार बंद ठेवलंय. आत काही नाही. देवाची मूर्ती मी करणार नाही, आधीच ठरवलं होतं. लेगोची माणसं १९७८ पासून बहुतेक पिवळ्या चेहऱ्याची असतात, ती फक्त आवारात. धोतराचा तुकडा मिळत नाही, म्हणून पांढऱ्या उतरत्या विटेवर भटजी उभे केलेत. जरा घागऱ्यासारखे दिसतात.

आजी (सी-२०१): 🎤 व्हॉइस मेसेज ०:११

सी-२०१ सून: "घागरा नको गो बाय."

टीचर: बघते आजी. तळीत मासे नाहीत. पाणी म्हणजे निळसर पारदर्शक चिमुकल्या प्लेटा, ३२ बाय ४८, एकूण १५३६. बाबूने एकट्याने बसवल्या.

बाबू: अंगठ्याचं नख गेलं.

*नोव्हेंबर, शनिवार*

टीचर: पॅकिंगला मजबूत खोकी हवीत, कोणाकडे आहेत का? दीपस्तंभ ११० सेंटीमीटरचा आहे, अखंड नेता येत नाही. तो सात मजले सुटे होतील असाच बांधलाय. एका मजल्याच्या माथ्यावर सगळीकडे गुळगुळीत टाइल, फक्त चार कोपऱ्यांत चार बटणं. वरचा मजला तेवढ्यावरच धरतो. हलकेच उचलला की सुटतो.

ए-२०१ (मार्केट): माझ्याकडे थर्माकोलचे खोके आहेत. मजबूत. आतून गारही राहतात.

टीचर: कसले?

ए-२०१ (मार्केट): बांगड्याचे. धुऊन देतो.

आजी (सी-२०१): 🎤 व्हॉइस मेसेज ०:४८

सी-२०१ सून: आईंचा आवाज सगळ्यांनी ऐकला असेल, खिडकीतूनही. मला भाषांतराची गरज वाटत नाही.

ए-२०१ (मार्केट): आजी, तुम्हीच माझ्याकडून बांगडे नेता!

आजी (सी-२०१): 🎤 व्हॉइस मेसेज ०:०९

सी-२०१ सून: "मी खाते. देव बसत नाही त्यात. आणि सोमवारी मीही खात नाही."

सी-१०१ काका: सफरचंदाची खोकी बघा. फोंड्याच्या मार्केटात फळवाले देतील. आत फोमच्या पट्ट्या कापून चारी बाजूंनी घट्ट. वर मोकळी जागा अजिबात ठेवू नका, धक्का तिथूनच बसतो.

टीचर: काका, एकदम बरोबर. कागद मात्र चुरगळून भरायचा नाही, वाटेत दबतो आणि जागा मोकळी होते.

बी-२०३ वहिनी: सरळ फेविक्विकने चिकटवून टाका ना, कटकट नाही.

बाबू: मम्मी!!! 😱

टीचर: वहिनी, चिकटवलं की ती मूर्ती झाली, वीट राहत नाही. थीम पार्कमधली मोठी मॉडेल्स चिकटवतात, ती वर्षानुवर्षं उघड्यावर उभी असतात. आमच्यात ते कोणी करत नाही. हे देऊळ झालं की पुढच्या वर्षी याच विटांचं मला दुसरं काही करायचंय. १९५८ सालच्या विटेवरही आजची वीट बसते, त्यातच सगळी मजा आहे.

सेक्रेटरी: लिफ्टची क्षमता ६ व्यक्ती. सामान असल्यास पूर्वसूचना द्यावी.

टीचर: सगळं मिळून तीसेक किलो. एक माणूसही होत नाही. 🙂

सेक्रेटरी: पूर्वसूचना द्यावी.

*डिसेंबर, गुरुवार*

टीचर: निघालो. मी, मिस्टर, बाबू. चोरला घाटातून बेळगाव, पुढे कोल्हापूर, पुणे.

आजी (सी-२०१): 🎤 व्हॉइस मेसेज १:२०

सी-२०१ सून: आई म्हणतात घाबरू नका. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, म्हणजे कुशस्थळीचा. १५६० साली पोर्तुगिजांच्या धास्तीने रातोरात जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. तेव्हा फोम नव्हता.

टीचर: 🙏🙏

टीचर: (रात्री ९:४०) पोचलो. वाईट बातमी. कोल्हापूरच्या पुढे एका गतिरोधकावर गाडी आपटली. पाचवा मजला खोक्यातच कोसळला. खोकं हलवलं की आत पत्त्यांसारखा आवाज येतोय.

सी-१०१ काका: बाकीचे?

टीचर: सुखरूप. पाचव्यात फोमची एक पट्टी मी उलटी लावली होती. चूक माझीच.

सी-१०१ काका: चूक गतिरोधकाची. कोणी रंगवलेला नसणार.

बाबू: लॉजच्या बेडवर सगळे तुकडे ओतलेत. ४५ च्या भिंती आधी वेगळ्या करतोय. टीचरच्या मिस्टरांना बटण कुठे आणि पोकळ बाजू कुठे तेही कळत नाही.

टीचर: (रात्री २:१५) झाला. एक तुकडा उरला. कुठला ते सकाळी बघू.

*शनिवार*

बाबू: 📷📷📷📷

बी-२०३ वहिनी: अरे देवा, केवढं मोठं! खाली ते पांढरं कापड कसलं?

बाबू: आपल्या पाहुण्यांच्या खोलीतली चादर.

बी-२०३ वहिनी: 😐

सी-१०१ काका: शेजारी ते काय आहे?

टीचर: एका मुलाने अख्खं रेल्वे यार्ड केलंय, गाड्या धावतायत. गर्दी तिकडेच जास्त आहे. मुलांना देवळापेक्षा रेल्वे आवडणारच. आमच्याकडे मोठी माणसं येतात. तीन ठरलेले प्रश्न विचारतात. तुकडे किती, दिवस किती, पैसे किती. तिसऱ्याचं उत्तर मी मिस्टरांसमोर देत नाही.

ए-१०२ (दुबई): माझ्या विटा कुठे आहेत?

टीचर: दुसरा आणि तिसरा मजला पूर्ण तुमचा.

ए-१०२ (दुबई): मुलांना दाखवतो. 👍

टीचर: एक सांगायचं राहिलं. दुपारी एक बाई आल्या, साठीच्या असतील. लांबूनच बघून थबकल्या, "अगो, हा तर आमचो मंगेश" म्हणाल्या. चपला काढल्या, दोरीच्या अलीकडे उभ्या राहून हात जोडले आणि तळीच्या काठावर दहाची नोट ठेवून गेल्या. मला काही बोलताच आलं नाही. मग मागचे बघून बघून ठेवायला लागले. संध्याकाळपर्यंत ३४१ रुपये झालेत. आयोजक हसतायत. याचं काय करू?

सेक्रेटरी: पावती दिली का?

टीचर: भाई!!

आजी (सी-२०१): 🎤 व्हॉइस मेसेज ०:१४

सी-२०१ सून: "ते तुझे नव्हेत. सोमवारी पालखीला घेऊन ये, मी येते बरोबर."

*सोमवार, रात्री*

टीचर: पैसे पेटीत टाकले. रविवारचे धरून ६१२ झाले होते. आजी, बाबू आणि मी गेलो होतो. खऱ्या दीपस्तंभासमोर उभं राहून बाबू पहिल्यांदा काय बोलला माहितेय? "टीचर, याचे मजले सुटे होत नाहीत."

आजी (सी-२०१): 🎤 व्हॉइस मेसेज ०:३२

सी-२०१ सून: आईंची एक तक्रार आहे. फोटो झूम करून बघितला म्हणे. सभामंडपाची एक पायरी कमी आहे.

टीचर: शक्य नाही आजी, मी फोटोंवरून मोजल्यात.

आजी (सी-२०१): 🎤 व्हॉइस मेसेज ०:०६

सी-२०१ सून: "फोटोला गुडघे असतात का?"

टीचर: 😶

टीचर: बाबू, उद्या ये. पायरी वाढवायची म्हणजे सगळा सभामंडप एका विटेने उचलावा लागेल.

बाबू: ९.६ मिलिमीटर. मग नगारखाना बुटका दिसेल.

टीचर: मग तोही उचलू. उरलेला तुकडा सापडलाय, पायरीचाच होता.

सेक्रेटरी: संक्रांतीला हॉलमध्ये हळदीकुंकू आहे. मॉडेल तिथे ठेवणार असाल तर लिफ्ट दुपारी ३ ते ५ राखून ठेवतो. त्या वेळेत मासळीवाल्याला लिफ्ट नाही. ए-२०१ ने नोंद घ्यावी.

ए-२०१ (मार्केट): घेतली. खोके हवेत का?