शब्दचर्चा: पीडब्ल्यूएमला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: बॅटरीच्या फवारणी पंपाला मोटरचा वेग कमीजास्त करायला बहुधा पीडब्ल्यूएमचा, म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशनचा, रेग्युलेटर असतो. शब्दशः 'स्पंद-रुंदी विरूपण' होतं. धुळ्याच्या दुकानात कुणाला कळेल?

नाना: मराठी विश्वकोशात मॉड्युलेशनला 'विरूपण' आहे खरं, पण ऐकून काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. इथे फक्त पल्सची रुंदी कमीजास्त होते. लिहिताना 'स्पंदरुंदी नियंत्रण', दुकानात सरळ पीडब्ल्यूएम.

आप्पा: माझी हरकत 'रेग्युलेटरने व्होल्टेज कमी केलं' या बोलण्याला आहे. मोटरला 12 व्होल्टच मिळतात, फक्त तुटक तुटक. अहिराणीत सांगायचं तर चालू शे, बंद शे, एवढंच. एका मिलिसेकंदात 0.4 चालू, 0.6 बंद, म्हणजे ड्यूटी सायकल (चालू वेळेचं प्रमाण) 40 टक्के. मोटरवर मीटर 4.8 व्होल्टच्या आसपास दाखवतो, कारण तो सरासरी मोजतो. ड्यूटी सायकलला 'चालू-वाटा' म्हणा. शेतीची लाईट चोवीसपैकी आठ तास, तर चालू-वाटा 33 टक्के, हे शेतकऱ्याला लगेच पटतं. 'पाळी' मात्र नको. पाटाच्या पाण्याची पाळी म्हणजे नंबर, प्रमाण नव्हे.

भाऊ: आणि मोटरला समांतर लावतात तो 'फ्रीव्हीलिंग डायोड'? मॉसफेट, म्हणजे चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, बंद झाला तरी मोटरच्या कॉइलमधला करंट एकदम थांबत नाही, त्याला फिरून यायला वाट लागते. 'परतवाट डायोड' कसा वाटतो? डायोडवरच्या पट्ट्याची बाजू प्लसला. उलटा लावला तर मॉसफेट चालू होताच शॉर्ट. पीडब्ल्यूएम अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरून घेतलं तर त्याच्या 9 नंबर पिनवर 490 हर्ट्झ येतात, त्यात मोटर कुंईऽ करते. 20 किलोहर्ट्झला आवाज जातो, पण तिथे 1एन4007 हा नेहमीचा डायोड मंद पडतो आणि तापतो. 3 अँपिअरच्या आत 1एन5822 हा शॉटकी जातीचा जलद डायोड लावा.

प्रश्न: 'परतवाट' आवडला. पण डायोड बरोबर असूनही मॉसफेट इतका तापतो की हात लावू देत नाही. आयआरएफझेड44एन आहे, त्याच्या गेटला (चालू-बंदचा इशारा घेणाऱ्या पायाला) 5 व्होल्ट.

नाना: तो 5 व्होल्टवर पूर्ण चालू होत नाही. आयआरएलझेड44एन घ्या. 'एफ'च्या जागी 'एल', दुकानदार हमखास चुकतो. गेट आणि सोर्स या मॉसफेटच्या दोन पायांमध्ये 10 किलोओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर बटण दाबताक्षणी मोटर झटका घेते.

आप्पा: शब्दाच्या नोंदीत 'डीसी मोटर' असंच लिहा. आपल्याकडे नुसतं 'मोटर' म्हटलं की विहिरीवरची. ती एसी, तिला हा रेग्युलेटर जोडायचा नाही. थ्री-फेज असेल तर व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह). त्याच्या पोटातही पीडब्ल्यूएमच असतं, पण वेग बदलतो तो फ्रिक्वेन्सी बदलून.