अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात भूशास्त्रज्ञासोबत जातेय, काय विचारू?

प्रश्न: गायझर (अधूनमधून उंच उसळणारे गरम पाण्याचे झरे) बघणारच, पण सोबत जाणकार आहे तर नेमकं काय समजून घेऊ?

उत्तर १: ग्रँड प्रिझमॅटिक या गरम झऱ्याचे रंग! मधलं निळं पाणी फार कढत; कडेला निवत जातं तसे पिवळे, केशरी सूक्ष्मजीवांचे थर दिसतात. पीसीआरमधलं (डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या तंत्रातलं) टॅक एन्झाइम ज्या जिवाणूचं, तो सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांना यलोस्टोनच्याच झऱ्यांत सापडला.

उत्तर २: मला विचाराल तर ओल्ड फेथफुल हा गायझर. वरच्या पाण्याच्या दाबामुळे खालचं पाणी १०० अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. थोडं उसळून सांडलं की दाब उतरतो आणि भसकन वाफ होते. स्फोटाआधीचे ते छोटे उसळे नीट बघा.

उत्तर ३: लाकडी वाट सोडू नका. कडेचं कवच पातळ असतं, खाली उकळतं पाणी.